कोंबडीच्या सर्दीचे बिल कोण भरतो?

थंडीच्या दिवसांत अनुभवी कुक्कुटपालक रात्री एक काम हमखास करतो. शेडमधले दिवे मालवतो, पंखे बंद करतो आणि अंधारात पाच मिनिटे नुसता उभा राहतो. दिवसभराच्या कलकलाटात जे ऐकू येत नाही ते तेव्हा ऐकू येते. हजारो पक्षी शांत बसलेले असतात आणि त्यांतून कुठूनतरी घरघर, मधूनच शिंक, ओल्या घशाची खुरखुर कानावर येते. आवाज एका कोपऱ्यातून आला तर थोडी आशा असते. चारही बाजूंनी आला तर दुसऱ्या दिवशी सकाळी तो औषधाच्या दुकानात उभा असतो. तिथून आणलेली पावडर पाण्याच्या टाकीत पडते आणि आजारी असो वा धडधाकट, शेडमधले सगळे पक्षी तेच पाणी पितात.

ही पावडर म्हणजे बहुतेक वेळा प्रतिजैविक, आपण ज्याला अँटिबायोटिक म्हणतो ते. टायलोसिन, डॉक्सिसायक्लिन, एन्रोफ्लॉक्सॅसिन ही नावे आता कुक्कुटपालकांच्या रोजच्या बोलण्यातली झाली आहेत. त्यासाठी त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. कर्ज काढून शेड उभारलेल्या माणसाला घरघर ऐकल्यावर झोप लागत नाही आणि लवकर लागू पडेल असा दुसरा उपाय त्याच्या हाताशी नसतो. तो उपाय शोधून देणे हे विज्ञानाचे आणि सरकारचे काम आहे. कोंबड्यांच्या जिवाणूजन्य श्वसनरोगांवरील डीएनए लस हा त्यांतला एक उपाय ठरू शकतो. मात्र तो आपोआप मिळणार नाही आणि निव्वळ बाजारावर सोडला तर बहुधा मिळणारच नाही. असे का, आणि आपण, म्हणजे अंडी-चिकन खाणाऱ्यांनी आणि न खाणाऱ्यांनीही, त्यात का लक्ष घालावे, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

एक जंतू दार उघडतो, दुसरा आत शिरतो

शेतकरी ज्याला सरसकट 'सर्दी' म्हणतो त्यामागे एकच जंतू नसतो. त्यांतला सर्वांत चिवट म्हणजे 'मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकम' हा जिवाणू. कोंबडीच्या श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला सूक्ष्म केसांसारखे तंतू असतात. ते सतत हलत राहून धूळ आणि जंतू बाहेर ढकलतात. मायकोप्लाझ्मा नेमका या पेशींना चिकटतो आणि घरातला हा झाडूच बंद पाडतो. शेडमध्ये ओल्या तुसातून अमोनिया साचला असेल, पडदे लावून हवा कोंडली असेल, तर हा झाडू आधीच मोडकळीला आलेला असतो. मग एरवी आतड्यात किंवा धुळीत असणारा ई. कोलाय हा जिवाणू आत शिरतो आणि फुफ्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्यांवर पिवळट, चिकट थर साचतो. या जुनाट श्वसनरोगालाच व्यवसायात 'सीआरडी' म्हणतात.

मायकोप्लाझ्मा एकट्याने फारशी मरतूक घडवत नाही, पण खाद्य खाऊनही वजन भरत नाही, अंडी घटतात आणि दुसरा रोग आला की मरतूक वाढते. त्यातून हा जिवाणू अंड्यातूनही पुढे जातो. मातृकळप बाधित असेल तर पिल्लू रोग घेऊनच जन्माला येते. शेतकऱ्याने शेड कितीही धुतले, चुना मारला, तरी रोग पिल्लांच्या खोक्यातून आत येतो. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

दुसरा मोठा रोग म्हणजे 'कोरायझा'. यात कोंबडीचे तोंड सुजते, डोळे चिकटतात, नाकातून घाण वासाचा स्राव येतो आणि लेअर कळपात अंडी १० ते ४० टक्क्यांपर्यंत घटू शकतात. पैसे परतफेडीच्या तोंडावर असलेल्या लेअर फार्मवर ही घट म्हणजे हप्ता थकणे.

आता औषधाकडे येऊ. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिकाच नसते. त्यामुळे पेशीभित्तिकेवर हल्ला करणारे पेनिसिलिन आणि त्याचे सगळे भाईबंद इथे निकामी ठरतात. उरतात ती दुसऱ्या गटांतली औषधे. टायलोसिन हे ज्या गटातले, त्याच गटात माणसाला दिली जाणारी एरिथ्रोमायसिन आणि अझिथ्रोमायसिन येतात. एन्रोफ्लॉक्सॅसिनचे तर कोंबडीच्या शरीरात काही प्रमाणात सिप्रोफ्लॉक्सॅसिनमध्येच रूपांतर होते. आपल्या घरच्या औषधाच्या डब्यात जी गोळी असते, तिचाच हा जवळचा नातेवाईक. अमेरिकेने एन्रोफ्लॉक्सॅसिनचा कोंबड्यांतील वापर २००५ मध्ये थांबवला. कोंबड्यांतून माणसांत येणारे कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू या गटाच्या औषधांना दाद देईनासे झाले, हे त्याचे कारण होते.

आपल्याकडचे चित्र काय आहे? दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट'ने २०१४ मध्ये दिल्ली परिसरातील चिकनचे ७० नमुने तपासले. त्यांतल्या ४० टक्क्यांत प्रतिजैविकांचे अंश सापडले. २०१७ मध्ये पंजाबातील १८ कुक्कुट फार्मांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ब्रॉयलर फार्मांवरच्या ई. कोलायच्या नमुन्यांपैकी तब्बल ९४ टक्के, तर लेअर फार्मांवरचे ६० टक्के नमुने अनेक औषधांना न जुमानणारे निघाले. २०१९ मध्ये केंद्र सरकारने कोलिस्टिन या औषधाचा पशुखाद्यातील आणि खाद्यप्राण्यांतील वापर बंद केला, कारण अतिदक्षता विभागात दुसरे काही चालेनासे झाले की डॉक्टर याच औषधाकडे वळतात. बंदी योग्यच होती. पण बंदीमुळे कोंबडीची घरघर थांबत नाही. शेतकरी पुढच्या औषधाकडे वळतो, आणि तेही केव्हातरी निकामी होते.

औषधांना न जुमानणारे जिवाणू ही आता दूरची भीती राहिलेली नाही. 'लॅन्सेट'मध्ये २०२२ मध्ये आलेल्या जागतिक अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात जगभर सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट अशा जिवाणूंमुळे झाले. हे सगळे कोंबड्यांमुळे झाले असे कुणी म्हणणार नाही. माणसांच्या दवाखान्यातला गैरवापर हे त्याचे मोठे कारण आहेच. पण जिवाणूंना शेड आणि दवाखाना यांतली भिंत दिसत नाही.

आहेत त्या लशी का पुरत नाहीत?

प्रयोगशाळेत कमजोर केलेल्या जंतूपासून पहिली लस तयार झाली ती कोंबड्यांसाठीच, आणि तीही एका जिवाणूविरुद्ध. लुई पाश्चर यांनी कोंबड्यांच्या कॉलऱ्यावरचे हे काम १८८० मध्ये मांडले. तेव्हापासून कोंबडीचे लसीकरण बरेच पुढे गेले. राणीखेत, म्हणजे खेड्यापाड्यातली 'मानमोडी', तसेच गंबोरो, देवी आणि मरेक्स या विषाणुजन्य रोगांवर चांगल्या आणि स्वस्त लशी आहेत. पिण्याच्या पाण्यातून, फवाऱ्यातून, अगदी पिल्लू अंड्यात असतानाही त्या देता येतात.

जिवाणूंच्या श्वसनरोगांवरही लशी आहेत, पण प्रत्येकीला काहीतरी अडचण आहे. मायकोप्लाझ्माच्या जिवंत लशी जगात काही दशके वापरात आहेत. त्यांतल्या एका जुन्या लशीतला जंतू कोंबडीला फारसा त्रास देत नाही, पण टर्कीला आजारी पाडू शकतो. दुसऱ्या एकीला अतिशीत तापमानात गोठवून ठेवावे लागते. शिवाय जिवंत लशीतला जंतूही शेवटी जिवाणूच असतो. ज्या शेडच्या पाण्यात प्रतिजैविक चालू आहे तिथे तो लस म्हणून रुजण्याआधीच मरतो. म्हणजे जिथे लशीची सर्वांत जास्त गरज, तिथेच ती कुचकामी ठरते.

मारलेल्या जंतूंच्या लशी टोचाव्या लागतात, सहसा दोनदा. कोरायझाच्या जंतूचे ए, बी आणि सी असे तीन प्रमुख प्रकार आहेत. लशीत जो प्रकार नाही, त्याच्याविरुद्ध ती फारशी कामाची नसते. आणखी एक गुंता तपासणीचा. पूर्ण जंतू वापरलेली लस दिली की रक्ततपासणीत कळप बाधित आहे की लसीकरण झालेला, हे सांगणे अवघड होते.

जंतूऐवजी त्याची कृती

डीएनए लशीत जंतू नसतोच, ना जिवंत ना मेलेला. असते ते जंतूच्या एखाद्या प्रथिनाची कृती सांगणारे जनुक. हे जनुक प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या वर्तुळात बसवतात. प्लाझ्मिड कोंबडीच्या पेशीत पोहोचले की पेशी ती कृती वाचून प्रथिन बनवते. रोगप्रतिकारशक्ती ते परके प्रथिन ओळखते आणि खरा जंतू येण्याआधी तयारीला लागते. लग्नाच्या पंगतीसाठी बाहेरून जेवण मागवण्याऐवजी आपल्याच आचाऱ्याच्या हाती कृतीचा कागद द्यावा, तसे हे काम आहे.

१९९० मध्ये अमेरिकेतील संशोधकांना आढळले की उंदराच्या स्नायूत नुसता डीएनए टोचला तरी तिथल्या पेशी त्यातले प्रथिन बनवतात. त्यानंतर तीनच वर्षांत, १९९३ मध्ये, कोंबड्यांना अशा पद्धतीने जीवघेण्या इन्फ्लुएंझापासून वाचवल्याचे प्रयोग प्रसिद्ध झाले. डीएनए लशीच्या इतिहासात कोंबडी अशी अगदी पहिल्या पानावर आहे. २००५ मध्ये अमेरिकेत घोड्यांसाठी वेस्ट नाइल विषाणूवरील आणि कॅनडात सामन माशांसाठी एका विषाणूवरील डीएनए लशीला मान्यता मिळाली. २०१७ मध्ये अमेरिकेच्या कृषी विभागाने कोंबड्यांसाठी बर्ड फ्लूवरच्या डीएनए लशीला सशर्त परवाना दिला. माणसांसाठीची जगातली पहिली डीएनए लस तर भारतातच तयार झाली. अहमदाबादच्या कंपनीच्या 'झायकोव्ह-डी' या करोनावरील लशीला ऑगस्ट २०२१ मध्ये आपत्कालीन मान्यता मिळाली. सुईविना, दाबाच्या झोताने ती त्वचेत सोडली जात होती.

कोंबड्यांच्या श्वसनरोगांसाठी या पद्धतीचे फायदे उघड आहेत. पाण्यात प्रतिजैविक असले तरी डीएनएला काही फरक पडत नाही. त्यातून रोग होण्याची किंवा लशीतला जंतू उलटण्याची भीती नाही. डीएनएचा रेणू बराच टिकाऊ असतो, त्यामुळे वीज गेली आणि फ्रिज काही तास बंद राहिला तर सगळी कुपी वाया जाईल अशी स्थिती नसते. लस एका-दोन प्रथिनांचीच असल्याने रक्ततपासणीत बाधित पक्षी आणि लस दिलेला पक्षी वेगळे ओळखता येतात. कोरायझाच्या तीन प्रकारांची जनुके एकाच लशीत घालण्याचा विचारही करता येतो.

मग तीस वर्षांत ही लस शेडपर्यंत का आली नाही? आजवर मान्यता मिळालेल्या बहुतेक डीएनए लशी विषाणूंविरुद्धच्याच का? याचे अर्धे उत्तर जिवाणूच्या स्वभावात आहे.

जिवाणू सहजासहजी हाती लागत नाही

विषाणू स्वतः काही बनवत नाही. तो आपल्याच पेशीकडून आपली प्रथिने बनवून घेतो. डीएनए लस नेमके तेच करते, म्हणून ती विषाणूची हुबेहूब नक्कल ठरते. जिवाणूचे तसे नाही. त्याची प्रथिने त्याच्या स्वतःच्या घरात बनतात. तेच जनुक कोंबडीच्या पेशीत घातले तर प्रथिनाची घडी वेगळी पडू शकते, त्यावर साखरेचे नको ते रेणू चिकटू शकतात. मग प्रतिकारशक्ती चुकीचा चेहरा पाठ करते.

मायकोप्लाझ्माच्या बाबतीत तर अडचण अक्षर-ओळखीपासूनच सुरू होते. जनुकाची भाषा तीन-तीन अक्षरांच्या शब्दांची असते. त्यातला 'यूजीए' हा शब्द कोंबडीच्या, आपल्या आणि बहुतेक सर्व सजीवांच्या पेशीत 'इथे थांबा' असा वाचला जातो. मायकोप्लाझ्मामध्ये मात्र त्याचा अर्थ 'ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल जोडा' असा होतो. म्हणजे या जंतूचे जनुक जसेच्या तसे लशीत घातले तर कोंबडीची पेशी मध्येच थांबणार आणि अर्धवट प्रथिन बनणार. त्यामुळे जनुक प्रयोगशाळेत नव्याने, कोंबडीला समजेल अशा शब्दांत लिहावे लागते. आज हे काम तुलनेने स्वस्त आणि सोपे झाले आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी तसे नव्हते.

पुढचा प्रश्न निवडीचा. इन्फ्लुएंझा विषाणूची सगळी जनुकीय माहिती साडेतेरा हजार अक्षरांत मावते. मायकोप्लाझ्मा हा सर्वांत छोट्या जिवाणूंपैकी एक, तरी त्याची माहिती सुमारे दहा लाख अक्षरांची आहे. शेकडो प्रथिनांतले कोणते निवडायचे? त्यात हा जंतू आपल्या पृष्ठभागावरची काही प्रथिने सतत बदलत राहतो, वेषांतर केल्यासारखी. त्यामुळे चिकटण्यासाठी लागणारी आणि सहसा न बदलणारी प्रथिने हेरावी लागतात. तिसरा प्रश्न जागेचा. स्नायूत टोचलेल्या लशीने रक्तात प्रतिपिंडे तयार होतात, पण हा रोग श्वासनलिकेच्या ओल्या अस्तरावर होतो. पहारा तिथे हवा.

तरीही वाट बंद नाही. बेल्जियममधील गेंट विद्यापीठातील संशोधकांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस टर्की पक्ष्यांवर केलेले काम पाहण्यासारखे आहे. क्लॅमिडिया सिटासी हा श्वसनरोगाचा जिवाणू पक्ष्यांतून माणसांतही येतो आणि न्यूमोनिया घडवतो. कुक्कुट उद्योगातील कामगारांना त्याचा धोका असतो. या जिवाणूच्या बाह्य आवरणातील एका प्रमुख प्रथिनाचे जनुक वापरून त्यांनी डीएनए लस बनवली. लस दिलेल्या टर्कींमध्ये रोगाची तीव्रता स्पष्टपणे घटली, मात्र संसर्ग पूर्णपणे थांबला नाही. पुढे जनुकातले शब्द पक्ष्याच्या पेशीला सोयीचे करून आणि लस नाकावाटे तुषारांतून देऊन तो परिणाम वाढवण्याचे प्रयत्न झाले. क्लॅमिडिया पेशीच्या आत राहतो, त्यामुळे तो डीएनए लशीला अधिक सोयीचा शत्रू आहे, हेही लक्षात ठेवायला हवे.

कॅनडातील सस्कॅचेवान विद्यापीठात एक वेगळीच दिशा तपासली गेली. जिवाणूंच्या डीएनएमध्ये काही खास अक्षररचना असतात. त्या दिसल्या की कोंबडीची प्रतिकारयंत्रणा धोक्याची घंटा वाजवते. अशा डीएनएचे कृत्रिम तुकडे अंड्यात टोचून किंवा एक दिवसाच्या पिल्लांना धुक्यासारख्या तुषारांतून देऊन ई. कोलायने होणारी मरतूक कमी करता येते, असे तिथे दिसले. कोंबडीत ही घंटा ओळखणारा रेणू माणसापेक्षा वेगळा आहे. त्यामुळे माणसाच्या लशीची नक्कल चालत नाही, कोंबडीसाठी वेगळे काम करावेच लागते.

थोडक्यात, कोंबड्यांच्या जिवाणूजन्य श्वसनरोगांवर उद्या सकाळी डीएनए लस मिळेल असे कुणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. पण हे अशक्य आहे असे म्हणणेही आता खरे नाही. राहिलेल्या अडचणींपैकी बऱ्याच पैसा, चाचण्या आणि चिकाटी यांनी सुटणाऱ्या आहेत.

हिशेब कुठे चुकतो?

उत्तराचा दुसरा अर्धा भाग पैशाचा आहे. ब्रॉयलर पक्षी सहा आठवड्यांच्या आत विकला जातो. त्यावर एकेक रुपयाचा हिशेब असतो. अशा पक्ष्याला एकेक करून टोचायची महाग लस कुणी घेणार नाही. त्या तुलनेत टाकीत टाकायची पावडर स्वस्त पडते. पण ती खरोखर स्वस्त आहे का? त्या पावडरीची पूर्ण किंमत दुकानात वसूल होतच नाही. उरलेली किंमत काही वर्षांनी एखाद्या रुग्णालयात, मूत्रमार्गाच्या संसर्गावर तिसरे औषधही चालत नाही म्हणून भरती झालेल्या बाईचे कुटुंब भरते. तिने कदाचित आयुष्यात कधी चिकन खाल्लेलेही नसते.

लशीचा हिशेब याच्या उलट असतो. तिचा खर्च कुक्कुटपालकाच्या खिशातून होतो आणि फायद्याचा मोठा वाटा समाजाला मिळतो. ज्याचा फायदा सगळ्यांना आणि खर्च एकाला, अशी वस्तू बाजार पुरेशी बनवत नाही. देवीची किंवा पोलिओची लस बाजारावर सोडली असती तर काय झाले असते, ते आपल्याला सांगायला नको. कोंबडीच्या लशीकडे आपण निव्वळ शेतीपूरक धंद्याचा खर्च म्हणून पाहतो, ही माझ्या मते मूळ चूक आहे. ती प्रतिजैविके वाचवण्याची सार्वजनिक योजना आहे आणि तिचा काही भार सार्वजनिक तिजोरीने उचलायला हवा.

हे स्वप्नरंजन नाही. नॉर्वेच्या सामन मत्स्यशेतीत १९८७ मध्ये सुमारे ५० टन प्रतिजैविके वापरली गेली. मग तिथे जिवाणूजन्य रोगांवरच्या लशी आल्या आणि एकेक मासा टोचायला सुरुवात झाली. काही वर्षांतच उत्पादन कितीतरी पटींनी वाढले आणि प्रतिजैविकांचा वापर जवळजवळ संपला. त्या लशी डीएनएच्या नव्हत्या, साध्या मारलेल्या जंतूंच्या होत्या. पण लस नीट लागू पडली तर औषध आपोआप सुटते, हा धडा महत्त्वाचा.

'आधी शेड सुधारा, मग लशीचे बोला,' असा आक्षेप काही पशुवैद्य घेतील. तो निम्मा बरोबर आहे. ओले तूस बदलणे, पडदे वेळेवर वर-खाली करणे, गर्दी टाळणे, दोन बॅचमध्ये शेड रिकामे ठेवणे याला पर्याय नाही, आणि लशीची वाट पाहत ते टाळणे मूर्खपणाचे ठरेल. पण अंड्यातून येणारा रोग स्वच्छतेने थांबत नाही. करार पद्धतीत पिल्लू कंपनीचे, खाद्य कंपनीचे, औषधही कंपनीचे. शेतकरी शेड आणि श्रम देतो. बाधित पिल्लू त्याच्या दारात उतरले आणि पुढे घरघर सुरू झाली, तर त्याला व्यवस्थापनाचे धडे देणे अन्यायाचे आहे.

सुरुवात कुठून करावी?

म्हणूनच पहिली लस ब्रॉयलरसाठी नको, मातृकळपांसाठी हवी. ब्रॉयलरच्या मातृकळपातली एक कोंबडी आयुष्यात दीडशेच्या आसपास पिल्ले देते. तिच्यावर एका डोसामागे काही रुपये जास्त खर्च झाले तरी ते पिल्लामागे पैशांत मोजावे लागतात. दीड वर्ष अंडी देणाऱ्या लेअर कोंबडीचाही हिशेब असाच जमतो. अमेरिकेत १९३५ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय कुक्कुट सुधार योजनेत मायकोप्लाझ्मामुक्त प्रजनन कळपांना तसा दर्जा दिला जातो. तिथे भर आहे तो तपासणीवर आणि बाधित कळप बाजूला काढण्यावर. आपल्याकडे संसर्ग पसरलेला असताना सगळे कळप काढून टाकणे परवडणार नाही. पण तपासणीत गोंधळ न करणारी लस आणि सोबत नियमित तपासणी, अशी जोडी चालू शकते. पिल्लांच्या खोक्यासोबत मातृकळपाच्या मायकोप्लाझ्मा तपासणीचा दाखला मिळणे हा शेतकऱ्याचा हक्क असायला हवा. यासाठी तर लस येण्याचीही वाट पाहायची गरज नाही.

दुसरे, काम करायला आपल्याकडे माणसे आणि संस्था आहेत. प्लाझ्मिड मोठ्या प्रमाणावर बनवण्याचे कौशल्य करोनाकाळात देशात सिद्ध झाले आहे. इज्जतनगर आणि हैदराबाद येथे राष्ट्रीय कुक्कुट संशोधन संस्था आहेत. महाराष्ट्रात नागपूरचे पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे, पुण्यात औंधला राज्य सरकारची पशुवैद्यकीय लसनिर्मिती संस्था आहे. खासगी लस उद्योगही पुण्यात मोठा आहे. यांना एकत्र आणणारा, आठ-दहा वर्षे टिकणारा निधी हवा. चाचण्याही आपल्या शेडमध्ये, आपल्या उन्हाळ्यात आणि आपल्याकडच्या जंतूंविरुद्ध व्हायला हव्यात.

तिसरे, एक अट सुरुवातीलाच घालायला हवी. प्लाझ्मिड कारखान्यात जिवाणूंमध्ये वाढवतात आणि ज्या जिवाणूंत ते आहे तेवढेच वेगळे काढता यावेत म्हणून अनेकदा त्यात एखाद्या प्रतिजैविकाला दाद न देणारे जनुक ठेवतात. प्रतिजैविके वाचवण्यासाठी आणलेल्या लशीतच असे जनुक असणे बरे नव्हे. त्याशिवाय प्लाझ्मिड वाढवण्याच्या पद्धती उपलब्ध आहेत, त्यांचाच आग्रह धरावा. 'डीएनए टोचलेली कोंबडी खायची का?' ही शंका लोक विचारणारच. आपण खातो त्या प्रत्येक घासात, मग तो भाकरीचा असो की अंड्याचा, डीएनए असतोच आणि तो पचतो. लशीतला डीएनए पक्ष्याच्या जनुकसंचात कायमचा मिसळण्याची शक्यता अत्यल्प असल्याचा निष्कर्ष माशांच्या अशाच लशीबाबत युरोपातील नियामकांनी काढला आहे. तरी प्रत्येक नव्या लशीची तपासणी व्हावी आणि निष्कर्ष मराठीत लोकांसमोर यावेत. शंकेला उत्तर दिले नाही की अफवा तिची जागा घेते.

चौथे, परसातल्या कोंबड्यांना विसरू नये. २०१९ च्या पशुगणनेत देशात ८५ कोटी कोंबड्या व इतर पक्षी मोजले गेले. त्यांतले ३१ कोटींहून अधिक परसातले होते. हे पक्षी बहुतांशी बायकांच्या हाती असतात, आणि घरातला तेल-मिठाचा, वह्या-पुस्तकांचा खर्च त्यावर निघतो. राणीखेतची लस स्वस्त आहे, पण कुपी शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची येते. बारा कोंबड्या असलेल्या बाईने ती कशी घ्यावी? उष्णतेत टिकणारी लस लहान कुपीत देता आली तर तिचा पहिला हक्क या बायकांचा आहे.

पाचवे आणि सर्वांत महत्त्वाचे, मोजमाप. कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या प्रकारच्या फार्मवर किती किलो प्रतिजैविके वापरली जातात याची नियमित आणि जाहीर आकडेवारी हवी. योजनेचे यश किती डोस वाटले यावर ठरू नये, किती पावडर टाकीत पडायची थांबली यावर ठरावे.

या सगळ्याला पैसा लागेल, वेळ लागेल आणि काही लशी चाचणीत नापासही होतील. गेंटच्या टर्कींप्रमाणे काही अर्ध्याच यशस्वी होतील. पण अर्धी यशस्वी लसही, शेड स्वच्छ ठेवणाऱ्या आणि निरोगी पिल्लू मिळालेल्या शेतकऱ्याच्या हाती, पूर्ण कामाची ठरू शकते. तिने कोंबडीला अमर करायचे नाही. शेतकऱ्याने अंधारात उभे राहून कान दिला तर चारही बाजूंच्या घरघरीऐवजी एखाद्याच कोपऱ्यातली शिंक ऐकू यावी आणि सकाळी दुकानात धावायची गरज पडू नये, इतके तिने केले तरी पुरे. त्या न घेतलेल्या पावडरीचा फायदा आपल्यापैकी कुणाला, कोणत्या रुग्णालयात, कोणत्या रात्री होईल हे सांगता येत नाही. म्हणून त्या लशीच्या खर्चातला आपला वाटा आपण आजच उचलायला हवा.